अचूक वीजमापनाचे शिल्पकार एडवर्ड वेस्टन

विजेच्या मीटरवर दिसणारा आकडा कितपत खरा मानावा? आज या प्रश्नाचे उत्तर मीटरच्या माहितीपत्रकात टक्केवारीने दिलेले असते. एकोणिसाव्या शतकात असे आश्वासन देणे दुरापास्त होते. ते शक्य करणाऱ्यांत एडवर्ड वेस्टन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री येथे १८५० मध्ये जन्मलेल्या वेस्टन यांनी आई-वडिलांच्या आग्रहाखातर वैद्यकाचे शिक्षण घेतले. परंतु त्यांचा ओढा रसायनशास्त्र आणि विजेकडे होता. १८७० मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. धातूंना मुलामा देण्याच्या व्यवसायातून ते डायनॅमो आणि दिव्यांच्या निर्मितीकडे वळले. त्या काळातील मापनयंत्रे अवजड आणि हाताळण्यास किचकट होती. ही उणीव दूर करण्यासाठी १८८८ मध्ये त्यांनी नेवार्क येथे मापनयंत्रांची कंपनी स्थापन केली.

मापनातील चुकांच्या मुळाशी दोन प्रमुख कारणे होती. चुंबकाची शक्ती कालांतराने घटत असे आणि तापमानाबरोबर तारेचा रोध बदलत असे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे दहा अंशांच्या फरकाने चार टक्क्यांची तफावत! वेस्टन यांनी दीर्घकाळ टिकणारे चुंबक तयार केले. ज्यांचा रोध तापमानाने जवळजवळ बदलत नाही, असे मँगॅनिन व कॉन्स्टंटन हे मिश्रधातूही त्यांनीच शोधले.

मीटर तपासायचे, तर त्याहून विश्वासार्ह मापदंड हवा. १८९३ मध्ये त्यांनी कॅडमियमचा प्रमाण घट सिद्ध केला. २० अंश सेल्सिअसला १.०१८३ व्होल्ट दाब देणारा हा घट १९११ पासून आंतरराष्ट्रीय मानक ठरला. विशेष म्हणजे वेस्टन यांनी त्यावरील पेटंटचे हक्क सोडून दिले. १९९० मध्ये जोसेफसन परिणामावर आधारित मानकाने त्याची जागा घेतली.

काट्याच्या मीटरवरील अचूकतेचा आकडा सामान्यतः पूर्ण मोजपट्टीच्या टक्केवारीत असतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ३०० व्होल्टच्या, एक टक्का अचूकतेच्या मीटरमध्ये तीन व्होल्टची चूक संभवते. ३०० व्होल्ट मोजताना ती एक टक्का असते, तर ३० व्होल्ट मोजताना तीच दहा टक्के होते. म्हणूनच काटा मोजपट्टीच्या वरच्या भागात राहील, अशी श्रेणी निवडणे श्रेयस्कर. शिवाय हा आकडा ठरावीक तापमानापुरताच लागू असतो.

तीनशेहून अधिक अमेरिकी पेटंट नावावर असलेल्या वेस्टन यांचे १९३६ मध्ये न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे निधन झाले.