कुलोम नेमका कोणाचा?

आमच्या होस्टेलमध्ये कुलोमवरूनही भांडण होऊ शकतं. सिव्हिलच्या मुली म्हणतात, रिटेनिंग वॉलवर मातीचा दाब किती पडतो ही त्याची थिअरी आम्हाला आहे, म्हणजे तो आमचा. इलेक्ट्रिकलच्या म्हणतात, चार्जचं युनिटच त्याच्या नावाचं, विषय संपला. मी कॉन्व्हेंटची, माझं मराठी जरा सांभाळून घ्या, पण निकाल मी देते. तो आधी सिव्हिलचा. आणि विजेचा नियम त्याला सापडला तोही त्यामुळेच.

शार्ल ऑगस्तँ द कुलोमचा जन्म १४ जून १७३६ चा, फ्रान्समधल्या आंगुलेम गावचा. मेझिएरच्या लष्करी इंजिनिअरिंग शाळेतून तो १७६१ मध्ये बाहेर पडला. १७६४ मध्ये त्याला वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायला धाडलं. तब्बल आठ वर्षं साइटवर! तिथल्या रोगट हवेत बिघडलेली तब्येत पुढे कधी पुरती सुधारली नाही. (मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात दोन दिवस सर्व्हे केला तर आपण घरी फोन करून रडतो.) भिंतींची गणितं त्याने १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे वाचली. सिव्हिलवाल्यांची थिअरी ती हीच.

१७७७ मध्ये होकायंत्रावरच्या निबंधासाठी त्याला अकादमीचं बक्षीस वाटून मिळालं. सुई दोऱ्याला टांगायची तर दोऱ्याचा पीळ आड येतो, म्हणून तो त्या पिळाच्याच मागे लागला. १७८४ मध्ये त्याने दाखवलं की बारीक तार जितक्या कोनातून पिळाल, तितक्याच प्रमाणात ती उलटा जोर लावते. आपण टॉर्शन म्हणून घोकतो ते हेच. मग त्याने या तारेचाच तराजू केला.

१७८५ मधला प्रयोग असा. काचेच्या भांड्यात चांदीची तार, तिला आडवी काडी, काडीच्या टोकाला भेंडाची गोळी. शेजारी तशीच दुसरी गोळी, पण पक्की बसवलेली. दोघींना सारखा चार्ज दिला की टांगलेली गोळी दूर पळते. ती ३६ अंशांवर थांबली, म्हणजे पीळही ३६. मग वरून तार पिळून तिला १८ अंशांवर आणली, तर एकूण पीळ १४४. अंतर निम्मं, जोर चौपट! आणखी पिळून साडेआठ अंशांवर आणली तेव्हा ५७५.५. हिशोबाने ९ अंशांना ५७६ हवा होता. तीन रीडिंगवर नियम मांडला. आमच्या लॅबमध्ये तीन रीडिंगवर जर्नलवर सही मिळत नाही.

पण तो नियम बिंदूएवढ्या चार्जचा आहे. कंडक्टरवर चार्ज मोकळा फिरतो. सारख्या चार्जचे दोन धातूचे गोळे जवळ आणा, चार्ज लांबच्या बाजूंना सरकतो आणि जोर सूत्रापेक्षा कमी भरतो. एकावर चार्ज खूप आणि दुसऱ्यावर अगदी थोडा असेल, तर खूप जवळ आल्यावर ते चक्क एकमेकांना ओढतात! म्हणून गोळ्या लहान आणि अंतर त्या मानाने मोठं हवं. चार्ज कंडक्टरच्या पृष्ठभागावरच राहतो, सारखे गोळे टेकवले की निम्मा-निम्मा वाटला जातो, हे कुलोमने पुढच्या निबंधांत तपासलं. हवेत चार्ज कसा गळतो तेही मोजलं. जानेवारीत अमरावतीच्या कोरड्या हवेत कंगवा कागदाचे कपटे झटकन उचलतो आणि जुलैत आळस करतो, त्यामागे हीच गळती.

खरं तर इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशला हाच नियम आधी मिळाला होता. त्याने कागद कपाटात ठेवले, ते मॅक्सवेलने १८७९ मध्ये छापले. तोवर नाव कुलोमचं झालं होतं. मला यात अन्याय वाटत नाही, सबमिशन वेळेवर करायचं असतं.

१७९३ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत अकादमी बंद झाली. कुलोम पॅरिस सोडून ब्लुआजवळच्या आपल्या जमिनीवर जाऊन राहिला, नंतर परतला, आणि २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिसमध्येच वारला. १८८१ मध्ये युनिटला त्याचं नाव मिळालं. युनिट केवढं मोठं? एक-एक कुलोमचे दोन चार्ज एक मीटरवर ठेवले तर त्यांच्यातला जोर सुमारे नऊ लाख टन वजनाएवढा भरेल. त्याच्या भेंडाच्या गोळ्यांवर यातला किती कण होता, ते इलेक्ट्रिकलवाल्यांनी काढावं.