गाठीला बोलतं करणारा माणूस

दौंड स्टेशनावर मी आणि माझे मामा मुंबईच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. मामा घोडनदीचे, म्हणजे शिरूरचे. गावाला रेल्वे नाही, म्हणून ते आदल्या दिवशीच एस.टी.ने आमच्याकडे आले होते. उपरण्याखाली, गळ्याच्या हाडाच्या वर, सुपारीएवढी गाठ. खोकला जुना, विड्या त्याहून जुन्या. थुंकी न तपासताच सुरू झालेली क्षयाची औषधं चार महिने घेऊन झाली होती. गाठ मात्र वाढतच होती.

परळच्या टाटा रुग्णालयात त्या गाठीत सुई घालून काही पेशी काचेवर घेतल्या गेल्या. अहवालाची वाट पाहण्याच्या त्या दिवसांत एका माणसाची मला खरी ओळख झाली. ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. झाले. तिकडची पदवी घेऊन दवाखाना थाटला असता, तर पैसा भरपूर मिळाला असता. त्यांनी मात्र मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल आणि नंतर सेठ जी.एस. महाविद्यालयात शिकवणं पत्करलं. टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोगाचं मूळ ते माणसाच्या राहणीत शोधत. धोतराची गाठ वर्षानुवर्षं कमरेला काचून होणारा त्वचेचा कर्करोग, चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा, तंबाखू-चुना ओठात धरणाऱ्यांचा, असे तीन प्रकार त्यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्ये जगापुढे मांडले. कुष्ठरोगावरही त्यांनी मोलाचं काम केलं. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, ते त्यांच्याच नेतृत्वाखाली. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पद्मभूषण झाले. १९७८ मध्ये त्यांचं निधन झालं.

फुप्फुसाच्या कर्करोगाचा माग काढण्याची युक्ती त्यांची नव्हे. हा रोग लसिकाग्रंथींच्या वाटेने पसरतो. आधी फुप्फुसाच्या मुळाशी, मग छातीच्या मध्यभागी श्वासनलिकेजवळ, पुढे दुसऱ्या बाजूला किंवा गळ्याच्या हाडावर. तो कुठवर पोचला, यावर शस्त्रक्रिया करायची की नाही हे बहुतांशी ठरतं. स्वीडनच्या कार्लेन्स यांनी १९५९ मध्ये छातीच्या हाडामागून नळी घालून या गाठींचे तुकडे काढण्याची पद्धत मांडली. आज सी.टी. आहे, पेट स्कॅन आहे, श्वासनलिकेतून ध्वनिलहरींच्या साहाय्याने गाठीत नेमकी सुई घालता येते. पण आपल्याकडे एक मोठी अडचण आहे. क्षयाची गाठही पेट स्कॅनमध्ये तशीच उजळते. सावली मोठी दिसली म्हणून कर्करोग म्हणायचा, की क्षय म्हणून सोडून द्यायचा? निकाल शेवटी सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो. आधी पाहा, मग बोला, हीच तर विकृतिशास्त्राची शिस्त, आणि ती इथे रुजवण्यात खानोलकरांचं आयुष्य गेलं.

मामांचा अहवाल आला. रोग गाठीत पोचला होता. शस्त्रक्रियेची वेळ टळली होती. औषधोपचार झाले, काही महिने बरे गेले, त्या दिवाळीला मामा घरी होते. मग गेले. ते चार महिने हाती असते तर काय झालं असतं, हे मला कोणी सांगू शकत नाही.

पण परवा शेजारच्या गृहस्थांच्या मानेत गाठ दिसली, तेव्हा मी लगेच म्हटलं, तात्या, आधी तपासून घ्या. त्यांची गाठ क्षयाची निघाली. औषध सुरू आहे, आणि ते योग्य रोगाचं आहे.