हार्लेमचे उघडे दार : कॉरी टेन बूम



भारतातून आई-बाबा किंवा पाहुणे आले की आपली फिरण्याची यादी ठरलेली असते. क्यूकेनहॉफची फुले, पवनचक्क्या, अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे आणि अ‍ॅन फ्रँकचे घर. रेल्वेने जेमतेम वीस मिनिटांवर असलेल्या हार्लेमला मात्र आपण सहसा उतरत नाही. तिथल्या ग्रोटे मार्क्ट चौकाजवळ, बार्टेल्योरिस रस्त्यावर १९ क्रमांकाचे एक जुने अरुंद घर आहे. अ‍ॅन फ्रँकच्या घरात आपल्याला लपून राहिलेल्यांची गोष्ट कळते, आणि या घरात लपवणाऱ्यांची. त्या घरातल्या कॉरी टेन बूम या बाईंची ओळख आज आम्ही करून देणार आहोत.

कॉरीचा जन्म १५ एप्रिल १८९२ चा. आजोबांनी १८३७ मध्ये या घरात घड्याळांचे दुकान काढले होते. पुढे वडील कास्पर यांनी ते चालवले. कॉरी त्यांच्याच हाताखाली काम शिकली आणि १९२२ मध्ये परवाना मिळवणारी नेदरलँड्समधली पहिली महिला घड्याळजी ठरली. तिने आणि थोरली बहीण बेट्सी हिने लग्न केले नाही. दोघी वडिलांसोबतच राहिल्या.

घर धार्मिक, पण देवधर्म फक्त रविवारी चर्चमध्ये जाण्यापुरता नव्हता. रोज सकाळी बायबलचे वाचन होई आणि त्याला दुकानातले कारागीरही बसत. स्वतःची चार मुले मोठी झाल्यावर या कुटुंबाने परक्यांची मुले सांभाळली. जेवायला ऐनवेळी कोणी आले तर सूप थोडे पातळ करायचे, पण माणूस परत पाठवायचा नाही, अशी तिथली रीत. आपल्या आजीच्या घरची आठवण झाली ना? कॉरी मुलींसाठी क्लब चालवी, आणि ज्यांना समाज मतिमंद म्हणून बाजूला ठेवी त्यांच्यासाठी प्रार्थनेचे वर्ग घेई. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करा, ही येशूची शिकवण. या घरात ती अशी रोजच्या सवयीत मुरलेली होती.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने नेदरलँड्स ताब्यात घेतले. देशात तेव्हा सुमारे १ लाख ४० हजार ज्यू राहत होते. युद्ध संपेपर्यंत त्यांच्यातल्या १ लाखाहून अधिक जणांची हत्या झाली. १९४२ मध्ये एक घाबरलेली ज्यू बाई हातात बॅग घेऊन टेन बूम यांच्या दारात आली आणि तिला आत घेतले गेले. मग दुसरे आले, तिसरे आले. कॉरी तेव्हा पन्नाशीची होती. घड्याळे दुरुस्त करणारी ही बाई बघता बघता एका गुप्त जाळ्याची सूत्रधार झाली.

पण माणसे नुसती लपवून भागत नाही, त्यांना खाऊ घालावे लागते. धान्य रेशनवर मिळायचे आणि ज्यूंना रेशनकार्ड नव्हते. कॉरीने रेशन कचेरीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून शंभर कार्डे मिळवली. वरच्या मजल्यावर तिच्या खोलीत एक खोटी भिंत बांधली गेली. तिच्यामागे जेमतेम काही माणसे उभी राहतील एवढीच जागा होती आणि आत शिरायला कपाटाच्या खालच्या फळीतून सरपटत जावे लागे. धोक्याची घंटा वाजली की सगळे किती वेळात आत जातात, याचा सराव होई.

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी एक अनोळखी माणूस दुकानात आला. बायकोला अटक झाली आहे, सोडवायला पैसे हवेत, असे त्याने सांगितले. कॉरी फ्लूने अंथरुणावर होती. तरी उठून तिने त्याला मदत कबूल केली. तो खबऱ्या निघाला! त्याच दिवशी धाड पडली आणि तीसेक जणांना पकडून नेले. भिंतीमागचे सहा जण मात्र पोलिसांना सापडले नाहीत. दोन दिवसांनी साथीदारांनी त्यांना बाहेर काढले.

कास्पर तेव्हा ८४ वर्षांचे होते. पुन्हा असे करणार नाही म्हणा आणि घरी जा, असे त्यांना सांगण्यात आले. उद्या दारात कोणी आले तर पुन्हा दार उघडेन, असे त्यांनी सांगून टाकले. अटकेनंतर दहा दिवसांतच तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

कॉरी आणि बेट्सी यांना आधी स्खेवेनिंगनच्या तुरुंगात, मग फ्युख्तच्या छावणीत आणि सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनीतल्या रावेन्सब्रुकला नेले. लपवून आणलेल्या बायबलमधून दोघी रात्री इतर स्त्रियांना वाचून दाखवत. बराकीत पिसवांचा सुळसुळाट होता. बेट्सी त्या पिसवांसाठीही देवाचे आभार मानी आणि कॉरीला ते अजिबात पटत नसे. पुढे कळले की पिसवांच्या भीतीनेच पहारेकरी आत येत नव्हते, म्हणून त्यांचे वाचन चालू राहू शकले. १६ डिसेंबर १९४४ ला बेट्सी गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत कॉरीची सुटका झाली. ती कारकुनी चुकीमुळे झाली, हे तिला नंतर समजले.

इथवरची गोष्ट शौर्याची आहे. पण आम्हाला विचार करायला लावते ती पुढची गोष्ट.

युद्धानंतर कॉरीने ब्लूमेंडाल येथे छावण्यांतून परतलेल्यांसाठी निवारा उभा केला. हार्लेमचे घर मात्र तिने जर्मनांना साथ दिलेल्या आणि आता सगळ्यांनी वाळीत टाकलेल्या डच लोकांना राहायला दिले. ज्या खबऱ्यामुळे वडील आणि बहीण गेली, त्याला तिने क्षमा केल्याचे पत्र लिहिले.

१९४७ मध्ये म्युनिकच्या एका चर्चमध्ये ती क्षमेवर बोलली. भाषण संपल्यावर एक माणूस हात पुढे करून आला. तो रावेन्सब्रुकचा पहारेकरी होता! कॉरीने त्याला ओळखले, पण त्याने तिला ओळखले नाही. नुकतीच क्षमेवर बोललेल्या कॉरीचा हात मात्र उचलेना. मनात माया नव्हती, होता तो फक्त संताप. तिने मनातल्या मनात देवाची मदत मागितली आणि निर्जीव लाकडासारखा का होईना, हात पुढे केला. आपुलकी त्यानंतर आली, असे तिने पुढे लिहून ठेवले आहे. क्षमा आधी करायची असते आणि भावना मागून येते, हा तिचा अनुभव.

नंतर तिने तीस वर्षे साठाहून अधिक देशांत फिरून हेच सांगितले. १९६७ मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने तिचा गौरव केला. तिचे आत्मकथन १९७१ मध्ये आले आणि १९७५ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. १५ एप्रिल १९८३ रोजी, ९१ व्या वाढदिवशी, कॅलिफोर्नियात तिचे निधन झाले. हार्लेमच्या घरात १९८८ पासून संग्रहालय आहे.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो निराधार मुलींना आणून केडगावला आसरा दिला. त्यामागेही हीच शिकवण होती. धर्म कोणताही असो, कसोटी दारावर थाप पडते तेव्हाच लागते.

आपणही या देशात परके म्हणूनच आलो आणि कोणी ना कोणी आपल्याला दार उघडले. कोणी पहिल्या महिन्यात घरी ठेवून घेतले, कोणी डच पत्रे वाचून दिली. आपले दार नव्याने आलेल्यांसाठी किती उघडे आहे? आणि एखाद्या जुन्या भांडणात आपला हात अजून खिशातच आहे का? मोठा प्रसंग आयुष्यात येईल न येईल, सूप थोडे पातळ करणे मात्र आजही जमण्यासारखे आहे.

पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन हार्लेमला नक्की जा. मुलांनाही न्या आणि कपाटाची ती खालची फळी जरूर दाखवा.