‘आईला होता का?’ या प्रश्नामागे आयुष्यभर लागलेल्या कमल रणदिवे

बाई सुरतच्या कतारगामची असो, धुळ्याची की बेळगावची. स्तनाचा कर्करोग निघाला की घरात पहिला प्रश्न तोच: आईला होता का? हाच प्रश्न घेऊन डॉ. कमल रणदिवे वर्षानुवर्षं उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी राबल्या.

८ नोव्हेंबर १९१७ ला पुण्यात समर्थांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. हुजूरपागेत शिकलेल्या लेकीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरच्याच घरी जावं, अशी त्यांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही केलं नाही. १९३९ मध्ये गणितातल्या ज. त्रिं. रणदिव्यांशी लग्न केलं आणि सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर एम.एस्सी. केली.

पुढे मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्या उंदरांकडे वळल्या. भावाबहिणींच्या जोड्या सलग २० पिढ्या लावल्या, की वाणातले सगळे उंदीर जवळजवळ एकसारखे होतात. अशा चार वाणांच्या स्तनग्रंथी त्यांनी ताडून पाहिल्या. दाणापाणी सारखं, तरी एका वाणात कर्करोग जास्त, दुसऱ्यात कमी. म्हणजे रक्तातच काहीतरी होतं.

पण गोष्ट इतकी सरळ नव्हती. अमेरिकेत बिटनरनं १९३६ मध्येच दाखवलं होतं की पिल्लं दुसऱ्या मादीच्या दुधावर वाढवली तर रोग घटतो. उंदरांत दुधातून विषाणूही उतरतो. म्हणून रणदिव्यांनी आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू ही तिन्ही सूत्रं एकत्र धरली. १९४९ ला पीएच.डी. झाली. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी बाटलीत वाढवायचं तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईत तशी प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये इतर महिला वैज्ञानिकांना घेऊन संघटना काढली. १९८२ ला पद्मभूषण मिळालं. २००१ मध्ये त्या गेल्या.

१९९४ मध्ये माणसातलं बीआरसीए-१ जनुक हाती लागलं. त्याची बिघडलेली एकच प्रत धोका वाढवायला पुरते, आणि ती प्रत्येक लेकराकडे जायची शक्यता निम्मी. ती वडिलांकडूनही येते. तेव्हा डॉक्टरांनी घराण्याची माहिती विचारली, तर आत्या नि आजीचंही सांगायला विसरू नका.