गर्टीला श्वास देणारा चित्रकार

शिकागोच्या एका नाट्यगृहात फेब्रुवारी १९१४ मध्ये विन्सर मॅके चाबूक घेऊन रंगमंचावर उभे राहिले आणि मागच्या पडद्यावरील ‘गर्टी’ नावाची डायनोसॉर त्यांच्या आज्ञा पाळू लागली. ती पाय उचलून दाखवी, हट्ट करी, रागे भरताच रडूही लागे. चित्राला स्वभाव असू शकतो, हे प्रेक्षकांना नवे होते.

वृत्तपत्रीय चित्रकार म्हणून मॅके यांचा लौकिक त्याआधीच झाला होता. १९०५ पासून ‘न्यूयॉर्क हेराल्ड’मध्ये त्यांची ‘लिटल निमो’ ही चित्रमालिका गाजत होती. १९११ मध्ये याच निमोला त्यांनी सुमारे ४,००० चित्रांच्या साह्याने पडद्यावर आणले.

गर्टीसाठी सुमारे १०,००० चित्रे लागली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने काढत गेल्यास हालचाल भरकटण्याचा धोका होता. म्हणून मॅके यांनी आधी हालचालीचे टप्पे ठरवले. प्रमुख मुद्रा प्रथम रेखाटायच्या, मग दोन मुद्रांच्या बरोबर मधले चित्र काढायचे आणि उरलेले अंतर पुन्हा निम्मे करीत जायचे, अशी त्यांची रीत होती. गर्टीचा श्वास किती वेळाचा असावा, हे ठरवण्यासाठी त्यांनी घड्याळ लावून स्वतःचा श्वास मोजला. प्रत्येक कागदावर पार्श्वभूमी पुन्हा गिरवण्याचे किचकट काम जॉन फिट्झसिमन्स या तरुण सहायकाने केले.

या रीतीचे पेटंट मॅके यांनी घेतले नाही. जॉन ब्रे यांनी मात्र अ‍ॅनिमेशनच्या तंत्रांची पेटंटे मिळवून मॅके यांच्यावरच दावा गुदरला. त्यात त्यांना यश आले नाही.

खरा अडसर मालकाचा होता. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना मॅके हवे होते ते संपादकीय पानावरील चित्रांसाठी. ‘लुसिटानिया’ जहाजाच्या जलसमाधीवरचा, सुमारे २५,००० चित्रांचा १९१८ मधील चित्रपट मॅके यांनी स्वखर्चाने पूर्ण केला. पण रंगमंचावरील प्रयोग आवरावे लागले आणि १९२१ नंतर पडद्यासाठीचे कामही थांबले. २६ जुलै १९३४ रोजी त्यांचे निधन झाले.

आज पात्रे संगणकावर हलतात. तरीही लहान, कच्च्या रेखाटनांत आधी प्रमुख मुद्रा पक्क्या करायच्या आणि मधल्या जागा नंतर भरायच्या, हा क्रम टिकून आहे. मॅके यांचा हात मालकाला अडवता आला, त्यांची रीत मात्र कोणालाही अडवता आली नाही. ती त्यांनी सर्वांसाठी मोकळी ठेवली होती.