अपयशाचा हिशेब मांडणारा शल्यविशारद

गुदाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेला शास्त्रीय बैठक देणारे ब्रिटिश शल्यविशारद विल्यम अर्नेस्ट माइल्स यांचा जन्म १८६९ साली त्रिनिदाद बेटावर झाला. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे ते त्याच शहरातील कॅन्सर हॉस्पिटलमध्ये शल्यचिकित्सक झाले.

त्या काळी गुदाशयातील गाठ बहुधा खालच्या बाजूने छेद देऊन काढीत. रुग्ण बरा होऊन घरी जाई. पण रोग पुन्हा डोके वर काढी. १८९९ ते १९०६ या काळात माइल्स यांनी अशा ५७ शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांपैकी ५४ रुग्णांत रोग उलटला. ही आकडेवारी त्यांनी दडवली नाही. दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनांतून त्यांनी रोगाचा माग काढला. कर्करोग लसिकावाहिन्यांतून वर, बाजूंना व खाली पसरतो. वरच्या वाटेवरील लसिकाग्रंथी मात्र शस्त्रक्रियेनंतरही शरीरातच राहतात, हे त्यांच्या ध्यानी आले.

यास्तव पोटाकडून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी शस्त्रक्रिया करून गुदाशयासह त्या ग्रंथीही काढण्याची पद्धत त्यांनी १९०८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडली. तिची किंमत जबर होती. पहिल्या १२ रुग्णांपैकी ५ दगावले. वाचलेल्यांना शौचासाठी पोटावर कायमचा मार्ग ठेवावा लागे. तरीही रोग उलटण्याचे प्रमाण घटले आणि ही शस्त्रक्रिया अनेक दशके प्रमाण मानली गेली.

माइल्स यांचे १९४७ मध्ये निधन झाले. रोग खालच्या दिशेने क्वचितच पसरतो, असे पुढील संशोधनातून दिसून आल्याने अनेक रुग्णांचे गुदद्वार वाचवता येऊ लागले. लसिकाग्रंथींचे महत्त्व मात्र टिकून राहिले. कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये केलेल्या वर्गीकरणात ग्रंथींपर्यंत पोहोचलेल्या रोगाला स्वतंत्र पायरी मिळाली. १९६५ मध्ये मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात आढळणारे 'सीईए' हे प्रथिन शोधले. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटतो आहे काय, याचा सुगावा आज रक्तातील या प्रथिनाच्या वाढत्या प्रमाणावरूनही लागू शकतो. माइल्स यांना तो शवविच्छेदनाच्या टेबलावरच शोधावा लागला होता.