गिरणगावातून दिल्लीला गेलेला खासदार : कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे

आपल्या निंबर्गा, आळंद, बसवकल्याण भागातील जुन्या मंडळींना डांगे हे नाव दोन कारणांनी माहीत होते. एक म्हणजे कामगारांचा संप आणि दुसरे म्हणजे संयुक्त महाराष्ट्र. नव्या पिढीतील मुलांना मात्र हे नाव सांगितले तर ते कोण, असा प्रश्न येतो. म्हणून मंडळाच्या सभासदांसाठी हा परिचय लिहीत आहोत.

डांगे यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1899 रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात करंजगाव येथे झाला. शिक्षणासाठी ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेले, पण चळवळीत पडल्यामुळे ते शिक्षण अर्धवटच राहिले. 1921 साली, म्हणजे वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, त्यांनी गांधीजी आणि लेनिन यांच्या मार्गांची तुलना करणारे छोटे पुस्तक इंग्रजीत लिहिले. ते वाचून रणछोडदास लोटवाला यांनी त्यांना मदतीचा हात दिला. लोटवाला पिठाच्या गिरणीचे मालक होते. भांडवलदाराच्या पैशातून समाजवादाची पुस्तके विकत घेतली गेली, ही गंमत आम्हा बँकवाल्यांना विशेष वाटते. 1922 मध्ये डांगे यांनी ‘सोशॅलिस्ट’ हे साप्ताहिक सुरू केले.

सरकारची नजर लवकरच पडली. 1924 च्या कानपूर कटाच्या खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. 1927 मध्ये सुटून आले ते थेट गिरणगावात. त्या वेळी मालकांनी कमी माणसांत जास्त काम करून घेण्याचा बेत आखला होता. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, आणि मजुरीलाही कात्री. एका कामगाराचे काम वाढले की दुसऱ्याची भाकरी जाते, हा हिशोब समजायला बी.कॉम. व्हावे लागत नाही. एप्रिल 1928 मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले आणि जवळजवळ सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. याच संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि डांगे तिचे सरचिटणीस झाले. संप ऑक्टोबरमध्ये चौकशी समिती नेमण्याच्या अटीवर मिटला. सगळे मिळाले असे नाही, पण अंगठा उठवणारा कामगार वर्गणी भरून पावती मागू लागला. आमच्या मते खरे यश हेच.

पुढच्याच मार्चमध्ये मेरठ कटाचा खटला उभा राहिला. तो जवळजवळ चार वर्षे चालला आणि डांगे यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती तीन वर्षांवर आली. या सगळ्या धकाधकीत उषाताई डांगे यांनी घर तर सांभाळलेच, शिवाय गिरणीतल्या बायकांना संघटित केले. त्यांचे काम वेगळ्या लेखाचा विषय आहे.

1946 मध्ये डांगे कामगार मतदारसंघातून मुंबई विधानसभेत गेले. पण आपल्यासाठी महत्त्वाचे वर्ष 1957. त्याआधी 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य मोडले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि बीदर व गुलबर्गा म्हैसूर राज्यात. मुंबईत संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला होता, शंभराहून अधिक माणसे चळवळीत हुतात्मा झाली. एस. एम. जोशी समाजवादी, अत्रे पत्रकार, प्रबोधनकार समाजसुधारक आणि डांगे कम्युनिस्ट. एरवी एका पंगतीला न बसणारी ही माणसे समितीच्या एका व्यासपीठावर बसली. गिरणी कामगार नसता तर ही चळवळ शिवाजी पार्कच्या सभांपुरती उरली असती, असे आम्हाला वाटते. तो कामगार डांगे यांच्या शब्दावर रस्त्यावर येत होता. त्या निवडणुकीत ते मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले.

दिल्लीत ते मराठी माणसाचे आणि कामगाराचे, असे दुहेरी वकील होते. त्याच काळात ते आयटकचे सरचिटणीसही होते. 1957 सालीच भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कुटुंबाच्या गरजेवर ठरवावे असे तत्त्व मान्य केले. माणशी 2700 कॅलरी अन्न, वर्षाला 18 वार कापड, घरभाडे, इंधन असा तो हिशोब होता. आम्ही नोकरीत असताना दर तिमाहीला महागाई भत्त्याच्या आकड्याची वाट बघत असू. पगार महागाईशी बांधलेला असावा ही कल्पना आम्हाला आयती मिळाली. तिच्यामागे गिरणगावातल्या किती उपाशी चुली आहेत, हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, तोही कामगार दिनी. घोषणेत बीदर-भालकीचे नाव होते, नकाशात नव्हते. आपल्या भागातील काही ज्येष्ठ त्याबद्दल मुंबईच्या नेत्यांना, डांगे यांनाही, बोल लावत. तो राग आम्हाला समजतो. पण सीमेचा निर्णय दिल्लीच्या आणि दोन राज्य सरकारांच्या हातचा होता, विरोधी बाकावरच्या खासदाराच्या हातचा नव्हता. आज आपली मुले कन्नडही तितक्याच सफाईने बोलतात, हा भाग निराळा.

1962 मध्ये डांगे हरले, 1967 मध्ये पुन्हा निवडून आले. चीनच्या आक्रमणाच्या वेळी त्यांनी उघडपणे देशाची बाजू घेतली आणि पक्षातल्या अनेकांचा रोष पत्करला. 1964 मध्ये पक्ष फुटला. तुरुंगातून त्यांनी इंग्रज सरकारला लिहिल्याची म्हणून काही पत्रे तेव्हा प्रसिद्ध झाली. ती बनावट आहेत असे ते म्हणत, विरोधक खरी मानत, आणि तो डाग शेवटपर्यंत चर्चेत राहिला. आणीबाणीत पक्षाने इंदिरा गांधींना साथ दिली. नंतर पक्षाने ती चूक मानली, डांगे यांनी मानली नाही. ज्या कामगाराचा संपाचा हक्कच आणीबाणीने काढून घेतला, त्याच्या नेत्याने ही भूमिका घ्यावी हे आम्हाला पटत नाही. ज्या पक्षाच्या उभारणीत आयुष्य गेले, त्याच पक्षाने 1981 मध्ये त्यांना काढून टाकले. त्यांची कन्या रोझा देशपांडे 1974 च्या पोटनिवडणुकीत मुंबईतूनच लोकसभेवर गेल्या होत्या.

22 मे 1991 रोजी मुंबईत डांगे यांचे निधन झाले. आदल्या रात्री राजीव गांधींची हत्या झालेली होती आणि सारा देश त्या बातमीने सुन्न होता. एक्क्याण्णव वर्षांच्या या वृद्ध नेत्याच्या जाण्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. 2004 साली संसद भवनाच्या आवारात त्यांचा पुतळा बसवण्यात आला. दिल्लीला जाणाऱ्या सभासदांनी संधी मिळाल्यास तो अवश्य पाहावा.